वरून पाहणारा जावई

तळेगाव (श्यामजी पंत), १९ एप्रिल १९८६

श्री. वासुदेवरावजींना किसनरावचा रामराम. तुमच्या गुडघ्याचं दुखणं आता कसं आहे? इकडे तुमची बहीण देवका खुशाल आहे, आणि भावाने पाठवलेल्या स्थळावर तर फारच खुश आहे. अक्षय्य तृतीयेपर्यंत हो की नाही ते कळवा, असं तुम्ही लिहिलंत. कळवतो, पण आधी माझा संशय ऐकून घ्या.

तुमचा हरिदास गेल्या रविवारी आमच्या कोकिळेला पाहायला आला. पोरगा दिसायला ठीक, पण पोहे पुन्हा घेतले नाहीत (मी तिथेच सावध झालो). नोकरी काय, विचारलं. म्हणाला, उपग्रहाने आकाशातून काढलेले फोटो पाहतो, आणि वणव्याचा धूर कुठवर गेला, राजस्थानाकडची धूळ कुठवर आली, ते नकाशावर मांडतो. मी म्हटलं, ते झालं, पण पगार कशाचा? तर म्हणे, त्याचाच! वासुदेवराव, चुलीचा धूर आणि एसटीची धूळ मी पन्नास वर्षं पाहतो आहे, सरकारने कधी चहालासुद्धा विचारलं नाही.

मग त्याने पिशवीतून एक फोटो काढला. त्यात सगळं जंगल लालभडक. पेटलं की काय, मी विचारलं. म्हणाला, नाही, हिरवं झाड या फोटोत लालच दिसतं, आणि मेळघाटावर ही फिकट रेघ आहे ना, तो वणव्याचा धूर. म्हणजे लाल आहे ते पेटलेलं नाही आणि पांढुरकं आहे ते पेटलेलं! असा हिशेब सांगणाऱ्याच्या हाती मुलगी द्यायची? आपलं गाव दाखव म्हटलं, तर त्याने बोट ठेवलं आणि त्या एका बोटाखाली तळेगाव, आष्टी सगळंच झाकून टाकलं. लपवण्यासारखं काय होतं तिथे?

अंगणात चार बाजांवर देवकाच्या कुरडया वाळत होत्या. निघताना म्हणाला, मामी (लग्न ठरलं नाही तोच सासूला म्हणतात तसं मामी!), उद्या दुपारच्या आत उचलून घ्या, पश्चिमेकडून धूळ येते आहे, कालच्या फोटोत दिसली. शेजारचे बंडूजी कुंपणाशी उभे होतेच. ते माझ्या कानाशी लागले, "किसनराव, तुमच्या अंगनात काय काय हाये, ते पोट्टं वरून पाहून राह्यलं. देन्याघेन्याचा अंदाज घेते ते!" मला पटलं. मी कुरडया उचलू दिल्या नाहीत.

सोमवारी दुपारी धूळ आली. अशी आली की समोरचा लिंब दिसेना. आता प्रत्येक कुरडई दातांखाली कचकचते, आणि देवका रोज ताटात तीच वाढते. बंडूजी म्हणतात, "त्याले अगुदरच मालूम होतं, मंग त्यानंच आनली असन." एवढं मला पटत नाही (पूर्णपणे नाही). पण ज्याला राजस्थानची धूळ आदल्या दिवशी दिसते, त्याला सासऱ्याच्या घरातलं काय दिसणार नाही? तेव्हापासून मी बिडीसुद्धा लिंबाखाली बसून ओढतो. शेताच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत दरवर्षी जाळतो, ते यंदा विळ्याने कापतो आहे. कंबर गेली.

कोकिळेला विचारलं, तुझं काय म्हणणं? वर मान करून न बोलणारी पोरगी म्हणाली, "बाबा, तुमाले पटत नसन तं नाई म्हना. पन त्यायनं सांगतलं ते खरं निंगालं, अन् बंडूजी काकाचं अजून काईच निंगालं नाई." एवढं बोलून आत गेली, ती माझ्याशी अजून बोललेली नाही. तेव्हा सगळ्याचा विचार करून माझा साफ नकार आहे, तो त्यांना कळवावा.

आपला,
किसनराव

ता. क. वरचा नकार देवकाने वाचला. होकार कळवावा.

पुन्हा ता. क. हे तिच्या नकळत लिहितो. पोरगा चांगला आहे, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण लग्नानंतर त्याची बदली हैदराबादला होणार, हे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी बारीक अक्षरात लिहिलंत, तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. एकुलती एक पोरगी, आणि इतक्या दूर. त्याला सहज विचारून पाहा (माझं नाव काढू नका), तिकडे हैदराबादेत स्वतःच्या अंगणात उभं असलेलं माणूस त्या फोटोत ओळखू येतं का. नाही म्हणाला, तर तेवढं मला कळवू नका.