परातीखालची पाचर

२२ सप्टेंबर १९६७

परात वर येईना! वसाहतीतले गोरे अमेरिकन साहेब तिला डेक म्हणतात, मी परात म्हणतो. गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरच्या पोटाखाली उपडी टांगलेली लोखंडी परात, आत पाती. सीटजवळचा दांडा ओढला की पूर्ण वर यायला हवी. आज अर्ध्यावर अडली ती अडलीच.

रामनाथ मुकादम डोक्यावर उभे. "कमलाकांत, नऊ तारखेला साहेबांचे पाहुणे येणार. वसाहतीतलं सगळं गवत कापलेलं पाहिजे. भेंडीच्या झाडाखालच्या उंचवट्यासकट!" परात खाली लोंबली की उंचवट्याच्या मातीत घुसते, म्हणून नवशा माळी ट्रॅक्टर वळसा घालून नेतो. तिथं गवत कमरेएवढं झालंय.

वर म्हणे, "जमत नसेल तर बोईसरहून दुसरा मिस्त्री आणतो." आणा की! चिंचणीच्या होड्यांची इंजिनं मी उघडली, का त्या मिस्त्रीनं?

२३ सप्टेंबर

परातीच्या आत ओल्या गवताचा लगदा थापलेला. खरवडून काढला. वाटलं, हात्तिच्या, एवढंच होतं! दांडा ओढला, परत अर्ध्यावर. पान्हा भिरकावला मी.

लगद्यात एक इवलंसं कडं निघालं. तांब्याच्या तारेत ओवलेले काळे मणी, तार पार हिरवी पडलेली. नवशाला दाखवलं. त्यानं माझ्या हातातून घेतलं नि मुठीत दाबलं. म्हणाला, "मिस्त्री, ऱ्हवू द्या ना. अर्धी येते, तवढी बास हाय." मला ओरडायचं काय कारण होतं? पण ओरडलो. "तू गवत काप, मला मशीन शिकवू नको!"

२५ सप्टेंबर

स्प्रिंग बदलली. नाही!

२७ सप्टेंबर

सांधे सोडवले, ग्रीस भरलं. परात उचलणारा हात वाकलाय का ते सूत लावून पाहिलं. सरळ. सगळं ठीक आणि तरी वर येत नाही — हे काय गौडबंगाल आहे?

राग घरी काढला. दमयंतीला सातवा महिना, तिच्यावर ओरडू नये हे कळतं. वळत नाही. ती एवढंच म्हणाली, "पितृपंधरवडा चाललाय. असं इरेला पेटू नका." मी म्हटलं, "गवत कापायचंय, लग्न लावायचं नाय!" तरी मनात खटकलं. हल्ली भेंडीवर कावळे फार बसतात. ट्रॅक्टर जवळ गेला तरी उडत नाहीत.

३० सप्टेंबर

सापडलं! उचलणारा हात ज्या खाचेतून वर सरकतो, तिच्या वरच्या अर्ध्या भागात पाचर. लाकडाची! जळकं ऑइल फासून लोखंडासारखी काळी केलेली, म्हणून बोट फिरवूनही कळली नाही. आपोआप बसलेली नाही ही. कुणीतरी मापानं तासून ठोकलीय.

माझ्या कामात पाचर मारतो? कोण? त्या ट्रॅक्टरला हात लावणारे दोघंच, मी नि नवशा. उपटून काढली. परात खाड्‌कन वर आली, वा! मुकादमांनी पाठ थोपटली. "सोमवारी गांधी जयंती. मंगळवारी उंचवटा साफ करून टाकू." पाचरीचं त्यांना बोललो नाही. नवशाला आधी मीच धरणार होतो.

तो पाण्याची नळी धरून उभा होता. एकाच जागी पाणी पडून तळं झालं, तरी त्याचं लक्ष नाही. का कोण जाणे, मला जवळ जाववेना.

१ ऑक्टोबर

दमयंतीला सगळं सांगितलं. मण्यांचंही. तांदूळ पाखडता पाखडता तिचा हात थांबला. "काय माणूस हाय तुमी! ती मनगटी हाय. तान्ह्या पोराची."

तिला मंजुळानं, नवशाच्या बायकोनं, कधीच सांगितलं होतं. वसाहत व्हायच्या आधी तिथं नवशाची वाडी होती. पहिली मुलगी महिन्याच्या आत गेली. तान्ह्याला आपण जाळत नाही, पुरतो. भेंडीखाली पुरली. यंदाच्या पावसात माती धुपली आणि परातीनं कड खरवडली. नवशाच चालवत होता ट्रॅक्टर! त्यानंतर त्यानं पाचर मारली.

मंजुळा येता-जाता तिथं टेकायची. मला वाटायचं, सावलीला बसते.

दमयंतीनं पोटावर हात ठेवला. "मंगलवारी दांडा तुमीच ओढणार ना?" मला भीती वाटली. देवाशपथ, एवढी भीती समुद्रातही कधी वाटली नव्हती.

२ ऑक्टोबर

सुट्टी. शेडची किल्ली माझ्याकडेच असते. पाचर परत ठोकली. नवशापेक्षा घट्ट.

३ ऑक्टोबर, सर्वपित्री

मुकादमांसमोर दांडा ओढला. अर्ध्यावर अडली. मी तोंड पाडून उभा. "शनिवारी तर येत होती!" "लहरी मशीन आहे, मुकादम. काय करणार?" ते तणतणत साहेबांच्या बंगल्याकडे गेले.

नवशानं खाली वाकून खाचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे भरले त्याचे. ट्रॅक्टरवर चढला नि उंचवट्याला वळसा घातला. भेंडीखाली मंजुळानं वाटीभर दूध ठेवलं होतं. तान्ह्याचं श्राद्ध नसतं, म्हणून नुसतं दूध.

आज पोटभर जेवलो. दमयंती किती दिवसांनी हसली.

४ ऑक्टोबर

गोरे साहेब स्वतः आले. आता परात उघडणार, म्हटलं, मेलो! पण ट्रॅक्टरकडे त्यांनी पाहिलंही नाही. उंचवट्याभोवती फिरले, बुटानं माती टोकरली, मुकादमांशी इंग्रजीत काही बोलले. मुकादम हसत माझ्याकडे आले.

"सुटलास, कमलाकांत! साहेब म्हणतात, दोष मशीनचा नाही, जमिनीचा आहे. उद्या सकाळी बुलडोझर येतोय."