मोडक्या फियाटची किंमत

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ नाही, काही नाही. उजवा हात प्लॅस्टरात, म्हणून डाव्याने लिहितेय — नुसत्या रेघोट्या. परवा पहाटे लेकीला, ऋताला, चारबाग स्टेशनवर सोडून परतताना धुक्यात उभ्या ट्रकवर आदळलो. ह्यांची चौसष्ट सालची फियाट! हे उतरले ते थेट बॉनेटकडे. मी आतच!

२ फेब्रुवारी
विम्याचा सर्व्हेअर आला. तासभर वाकून वाकून गाडी पाहिली. "सोहनी साहब, ये तो टोटल लॉस है." पूर्ण रक्कम हवी तर सांगाडा कंपनीला द्यायचा. ठेवायचा तर सांगाड्याची किंमत रकमेतून वजा. ह्यांना ठेवायचाच, आणि ती किंमत लावली दोन लाख! हे भडकले — "कबाड़ी चालीस हजार नहीं देगा!" तो म्हणे, "विंटेज है सर. शौकीन लोग ले जाते हैं."
धड होती तेव्हा म्हातारी म्हणून किंमत नाही, मोडल्यावर मात्र विंटेज! इथे ह्यांचं खरं आहे. तेवढं लिहून ठेवते.

२० फेब्रुवारी
चहा कुणी केला? मीच. एका हाताने.

११ मार्च
प्लॅस्टर निघालं. बोटं वळत नाहीत. रोज फिजिओथेरपी सांगितलीय. ह्यांना वेळ कुठला! अमीनाबादकडच्या कुठल्याशा मिस्त्रीकडून सांगाड्याची कमी किंमत लिहून आणायचीय. कंपनीला पत्रांवर पत्रं. मी ऑटोने एकटी, तीही जमेल तेव्हा.
ऋताचा फोन — "मम्मी, पापा को बोलो ना, छोड़ दें."
म्हटलं, "तूच सांग."
"मेरी कहाँ सुनते हैं!"

२९ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, हात आता एवढाच चालणार. घरी येऊन सांगितलं. हे म्हणाले, "अच्छा. अगं, ते ओरिजिनल हेडलाइटचं बिल कुठे ठेवलंस?"
जेवायला वाढलं नाही.

६ मे
हे बँकेत गेले होते. विमा कंपनीचा माणूस आला. "मैडम, गाड़ी तो आपके नाम है. साहब मान नहीं रहे. आप बताइए."
माझ्या नावावर! नोकरीत असताना ह्यांनीच घेतली होती तशी. आजवर हे बोट ठेवतील तिथे मी सही करत आले. विचारलं, सांगाडा दिला तर संपलं?
"जी, मैडम."
"तो ले जाइए."
सही वाकडीतिकडी आली. चालली.
ह्यांना सांगितलं नाही.

९ मे
ट्रक येऊन गाडी उचलून घेऊन गेला. हे फाटकाशी उभे. ओरडतील म्हणून मी कंबर कसून तयार — सगळी उत्तरं पाठ! आत आले. म्हणाले, "बरं केलंस. माझ्याने झालं नसतं." आणि दुपारभर घोरत पडले.
मी गाडीची जागा झाडायला गेले. आणि हमसून रडले — त्या मेल्या गाडीसाठी!