पाटलांची कोरी वही

मंगळवार, संध्याकाळ

किळस आलीय नुसती. कमी हजेरीवाल्यांची यादी आज सहीला आली आणि त्यात पहिलंच नाव पाटलांचं. फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर होऊन यंदा एफवायला बसलेले, राधानगरीहून पहाटेच्या एसटीनं येणारे. हा माणूस तास बुडवेल? आणि माजी सैनिकांना कॉलेजात रुळायला मदत करायचं काम माझ्याकडं.

शोधत गेले तर भर तासालाही गेटवरच. काखेत कव्हर घातलेली वही आणि पोरांची ओळखपत्रं तपासणं चाललेलं.

"तास सोडून इथं काय करताय?"

"प्राचार्य साहेबांनी सांगितलंय, मॅडम. साहेबांनी सांगितल्यावर न्हाय कसं म्हणायचं?"

वही मागून घेतली. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात नाव, विषय. पुढं सगळी कोरी.

तशीच केबिनमध्ये जाऊन विचारलं, तर प्राचार्य हसले. "फौजी माणूस हाय की, पोरं टरकतात. तुमच्या अहवालात 'सैनिकांचा सहभाग' म्हणून घाला." आणि मी काय म्हणाले? "बघते, सर."

तीन आठवडे ते तिथं उभे आणि रोज त्याच गेटातनं आत जातेय मी. रोजचा तो कडक सलाम मलाही आवडतच होता ना? तास कुणाचा बुडतोय, एकदा तरी विचारलं?

आज सकाळी तर मीच म्हटलं, "पाटील, तेवढी माझी गाडी लावता का?"

त्यांनी वही कट्ट्यावर ठेवली आणि गाडी लावून दिली.