आज्जीला आज्जी म्हटलं म्हणून

आईस, लांबूनच तुझ्या पाया पडते.

मी बरी हाय, पोटभर जेवते. समाजकार्याच्या प्रात्यक्षिकात मात्र सरांनी मला नापास केलं. वस्तीतल्या म्हातारीला मी 'आज्जी' म्हटलं, तिच्यासंगं तांदूळ निवडत बोलले, म्हणून! विलायती पुस्तकात लिहिलंय, नावानं हाक मारायची, नातं जोडायचं न्हाई. लिहिणाऱ्याला आज्जी नव्हती काय?

मी म्हटलं, "सर, आमच्या अणशी गावात म्हातारीला नावानं हाक मारली तर ती दारातनं हाकलून देईल."

सोमवारी परत परीक्षा हाय. मी आज्जीच म्हणणार.

तुझी कंबर दुखायची थांबली काय? बाबांना इतक्यात काही सांगू नको. पण परत नापास झालेच, तर साऱ्या गावाला सांग, कशापायी झाले ते.

तुझीच हट्टी,
शिल्पा