घरी केलेली भुतं

१९ सप्टेंबर १९७८, मंगळवार

सामान आलं. हातगाडीवर सगळं मावलं.

नाशिकचं हे क्वार्टर दोन खोल्यांचं आहे आणि स्वयंपाकघराला खिडकी आहे. स्वतःची खिडकी! देवळालीच्या खोलीत चूल आणि अंथरूण एकाच भिंतीला टेकलेलं असे. इथे भाकरी थापताना समोर आकाश.

शेजारच्या विठाबाई दारापर्यंत आल्या. उंबऱ्याच्या आत नाही. "पितृपक्षात कुणी घर बदलतं का, बाई?"

आम्ही पाळत नाही, म्हटलं.

"तुम्ही नाही पाळत. ते पाळतात ना!"

ते म्हणजे मेलेले. माझा नवरा यादव पलंग जोडत होता. त्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात दडवलं.

क्वार्टर कित्येक महिने रिकामं होतं. यादीत यादवच्या आधी असलेल्यांनी नको म्हटलं. का, ते त्याने ऑफिसात विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मिळतंय ते आधी घ्यायची आमची सवय.

२० सप्टेंबर

कळलं. नळावर विठाबाईंनी सांगितलं. इथे आधी राहणाऱ्या कारकुनाची बायको जानेवारीत आमच्या स्वयंपाकघरात भाजून गेली. स्टोव्हचा भडका झाला म्हणतात. "म्हणतात" हा शब्द त्यांनी जरा लांबवला. नवरा बदली घेऊन गेला. तेव्हापासून ती खिडकीत उभी असते, केस सोडून. संध्याकाळी भाकरी थापल्याचा आवाज येतो.

"कालसुद्धा आला," विठाबाई म्हणाल्या.

काल भाकरी मी थापल्या होत्या. तसं सांगितलं. त्यांना पटलं नाही.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

उत्पला स्वयंपाकघरात जात नाही. पाणी हवं तर मला हाक मारते. नऊ वर्षांची मुलगी, देवळालीला अंधारात एकटी दुकानात जायची! विठाबाईंच्या नातीने, कमूने, तिला सगळं सांगितलं आहे. कुंपणापलीकडून. कुंपणाच्या अलीकडे एकही मूल येत नाही. कॉलनीतली सगळी पोरं समोरच्या मैदानात खेळतात, चेंडू आमच्या अंगणात आला की तसाच सोडून देतात. उत्पला तो उचलून परत फेकते. तेवढाच तिचा खेळ.

"आई, आपण परत जाऊ."

यादव म्हणाला, "आपण भूत मानत नाही. विषय संपला." निजताना दिवा मात्र मालवू दिला नाही.

सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा श्राद्ध करणार नाही अशी शपथ घेतली होती. भुताला घाबरणार नाही अशी वेगळी शपथ नव्हती. गरज वाटली नसावी.

मुलं न येण्याची कारणं दोन असू शकतात. एक भूत. दुसरं आमचं आडनाव. दुसऱ्यावर आज माझ्याकडे उपाय नाही. पहिल्यावर शोधते.

२३ सप्टेंबर

यादव: "दसऱ्यापर्यंत बघू. पोर अशीच राहिली तर क्वार्टर परत करतो."

परत म्हणजे खिडकीसकट.

२४ सप्टेंबर, रविवार

सकाळी भाकरी थापताना इगतपुरी आठवली. वडील रेल्वेत होते. वरच्या बंगल्यात एका गार्डची मडम राहायची. पावसाळा संपला की एका संध्याकाळी ती डांगराला डोळे-नाक-दात कोरून व्हरांड्यात ठेवायची. आत मेणबत्ती. वडिलांनी धीर करून विचारलं. ती म्हणाली, आज भुतं फिरतात, त्यांना घाबरवायला. तो सण म्हणजे हॅलोवीन, हे मला पुढे वाचताना कळलं. तेव्हा एवढंच कळलं होतं, की भुतालाही भीती वाटते. फार दिवस मजेत गेले होते त्यावर.

ठरवलं. पुढच्या रविवारी सर्वपित्री अमावास्या. घरभर भुतं लावायची. घरी केलेली, घरातल्याच वस्तूंची. आणि ती उत्पलाने करायची.

यादवला सांगितलं. तो म्हणाला, "एक आहे म्हणून लोक येत नाहीत. तू वीस करणार?"

हो.

२६ सप्टेंबर, मंगळवार

काम सुरू. माळ्यावर जुन्या उत्तरपत्रिका होत्या, शाळेने रद्दीत टाकलेल्या. त्यांची वटवाघळं. कंदिलाच्या काचेची काजळी गोड्या तेलात खलून काळा रंग केला. कणकेची खळ. कामट्या विठाबाईंच्या मांडवाच्या, पावसाने पडलेल्या. त्या म्हणाल्या, "न्या. कशाला हव्यात?" शोभेसाठी, म्हटलं. खोटं नाही.

काजळी सगळीकडे बसत नाही. एका वटवाघळाच्या पोटावर माझ्याच अक्षरात, लाल शाईत — 'उत्तर अपुरे'.

उत्पला आज हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदा.

२७ सप्टेंबर

यादवने सायकलची फाटकी ट्यूब आणून दिली. न मागता. तिचे साप झाले. एक साप त्याने स्वतः कापला आणि त्याला जीभ लावली. मग जरा लांबून बघितला.

२८ सप्टेंबर, गुरुवार

अवघड काम आज. खिडकीतली बाई.

बाकी भुतं कुणीही करील. हिच्याशिवाय अर्थ नव्हता. माझं विरलेलं पांढरं पातळ. आत कामट्यांचा सांगाडा, खाली सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची पावलं. तोंडाला फुटकं मडकं, त्यावर चुन्याने डोळे. केस गोणपाटाचे — कांद्याची गोणी उसवून सुतळी मोकळी केली. खूप झाले केस. गुंता झाला.

फणी उत्पलाच्या हातात दिली. म्हटलं, विंचर. ती बाहेरच्या खोलीत, मी तिच्या मागे. आधी हात लांब धरून. मग जवळ. मग गुंता सुटेना तेव्हा चिडून त्या मडक्याला म्हणाली, "हलू नको गं!"

ज्याचे केस आपण विंचरले त्याला कसं घाबरणार?

संध्याकाळी दोघींनी मिळून ती स्वयंपाकघरात नेली. पाय उत्पलाने धरले होते. पाणीही तिने स्वतः घेतलं, माठातून. मी पाठ करून उभी राहिले. बघितलं असतं तर तिच्या लक्षात आलं असतं.

मला फार बरं वाटलं. लिहून ठेवते, म्हणजे उद्या नाकारता येणार नाही.

३० सप्टेंबर, शनिवार

भद्रकालीच्या बाजारातून डांगर आणलं. विकत घेतलेली वस्तू ही एकच. भाजीवाली म्हणाली, "श्राद्धाला का?" नाही, म्हटलं, भुताला. तिने पैसे घेताना माझ्याकडे नीट पाहिलं.

गर काढून घेतला. त्याचे उद्या घारगे. कवचीला यादवने डोळे कोरले, एक मोठा, एक बारीक. चूक झाली म्हणाला. चूक नाही, तोच चेहरा झाला.

उत्पला कुंपणाशी जाऊन ओरडून आली, "उद्या आमच्याकडे भुतं आहेत! खरीखुरी नाहीत! मी केलीत! घारगे पण आहेत!"

पलीकडून कमूचा आवाज — "किती घारगे?"

१ ऑक्टोबर, रविवार

आले. आधी कमू, फाटकाला धरून. मग तिच्या मागे दोघं-तिघं. मग अंगण भरलं!

दारात डांगर, आत पणती. वाऱ्याने बारीक डोळा मिचकावल्यासारखा व्हायचा. किंचाळ्या. उत्पला दाराशी उभी राहून सांगत होती, मी शाळेत सांगते तशी — "हे वटवाघूळ म्हणजे सातवी ब. हात लावा. हा साप म्हणजे बाबांची सायकल. ओढा, तुटत नाही." प्रत्येक भूत कशाचं केलं ते सांगायचं आणि मगच पुढे जाऊ द्यायचं. हे मी तिला शिकवलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दाराशी सगळी थांबली. खिडकीत ती उभी. पोरं एकमेकांच्या मागे लपली. उत्पला गेली आणि तिने सरळ तिचे केस धरले. "गोणी आहे. लासलगावचा कांदा. वास घ्या!"

कमूने वास घेतला. शिंकली. मग जे हसणं सुरू झालं!

विठाबाई नातीला न्यायला आल्या. उंबऱ्याशी थबकल्या. कमूने आतून हाक मारली, "आजी, ये ना, हिला कांद्याचा वास येतो!" आणि विठाबाई आत आल्या. खिडकीतल्या बाईला वरपासून खालपर्यंत पाहिलं. कपाळावर हात मारून घेतला.

"अहो बाई! भुताचे पाय उलटे असतात. तुम्ही सरळ लावलेत!"

माझं राहून गेलं होतं. लहानपणापासून ऐकलेलं, तरी राहिलं. त्यांनी स्वतः खाली बसून पावलं फिरवून दिली. सुतळी पुन्हा बांधली, पक्की गाठ मारून. "आता बरोबर. एवढं शिकलात आणि पाय माहीत नाहीत." मग तिथेच, तिच्या पायाशी बसून चहा घेतला. माझ्या हातचा, आमच्या कपातला. बशीत ओतून, फुंकर मारत. घारगा मागून घेतला. गूळ कमी पडला म्हणाल्या.

दुसऱ्या कारणावर माझ्याकडे उपाय नाही असं मी वर कुठेतरी लिहिलं आहे. खोडत नाही. पण आज कप दोन वेळा भरला.

सगळे गेल्यावर यादव म्हणाला, "मास्तरीण, जिंकलीस." आणि दिवा मालवला. न सांगता.

२ ऑक्टोबर

सुट्टी. भुतं उतरवली. डांगर गाईने खाल्लं, डोळ्यांसकट. वटवाघळं मुलांनी वाटून घेतली. पातळ धुऊन फडक्यांना काढलं.

खिडकीत आता नुसतं आकाश.

५ ऑक्टोबर, गुरुवार

चेंडू अंगणात आला. मागोमाग पाच जणं आली. झेंडूचं रोप मोडलं. मी आरडाओरडा केला. किती छान वाटलं.

८ ऑक्टोबर

कोपऱ्यावरच्या क्वार्टरमध्ये नवीन बिऱ्हाड आलं. त्यांनी विठाबाईंना विचारलं म्हणे, इथे एक बाई दिसते ते खरं का. विठाबाई नळावर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "होती. आमच्या बाईंनी घालवली. कागद आणि गोणपाट लावून घालवली! मांत्रिकाला जमलं नसतं."

मला शाळेत चांगल्या निकालाबद्दल एकदा शाल मिळाली होती. ती कुठे ठेवली तेही आठवत नाही. हे वाक्य राहील. शिकलेलं असं घरात उपयोगी पडेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ना उपास, ना उतारा, ना कुणाचं काही नुकसान. काजळी, खळ आणि एक मुलगी. एवढ्यावर भूत गेलं.

११ ऑक्टोबर, बुधवार

दसरा. आमची अशोक विजयादशमी. यादव क्वार्टर परत करण्याबद्दल काही बोलला नाही. मीच विचारलं. "कुठलं परत?" म्हणाला. तो स्वयंपाकघरात बसून, खिडकीपाशी, दाढी करत होता.

१४ ऑक्टोबर, शनिवार

शाळा अर्धी. घरी आले तर पायरीवर एक म्हातारी बसलेली. चांदवडहून एसटीने आलेली. नाव कुसाबाई. म्हणाली, मी मथुराची आई. कोण मथुरा, मी विचारलं. तिने आमच्या स्वयंपाकघराकडे बोट केलं.

तिला निरोप मिळाला तेव्हा अग्नी देऊन झाला होता. तोंड पाहायला मिळालं नाही. आता बाजारात कुणीतरी सांगितलं, तुझी लेक नाशकात खिडकीत दिसते. म्हणून आली. आत जाऊन खिडकीकडे तोंड करून बसली. पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

मग म्हणाली, "त्या शेजारच्या म्हनल्या, तुम्ही घालवली तिला. खरं का?"

नाही, म्हटलं.

"मंग हाय?"

आहे.

"माझ्यापुढं नाय यायची. रागावली असंल. तुमच्याशी बोलती का?"

मी हो म्हटलं.