गुरूभोवतीचे विद्युत्कण

चिंचवड, बुधवार, ७ मार्च १९७९

अमेरिकेचं यान गुरूजवळून गेलं, त्याची बातमी उद्या पाठवायची. यानावरचं एक यंत्र गुरूभोवतीचे इलेक्ट्रॉन मोजतं. मी सवयीने 'विद्युत्कणगणन' लिहून मोकळा.

बातमी आधी हिला वाचून दाखवायची, पोळ्यांच्या वेळी, ही आमची जुनी रीत. कळलं नाही की लाटणं थांबायचं. "पंडित, माणसांसाठी लिहा!"

ही गेल्याला महिना झाला. आज स्वयंपाकघरात शकू, बाप उपाशी मरेल म्हणून राजगुरुनगरहून आलेली लेक. मी बाहेरच्या खोलीतून वाचायला लागलो. यंत्रापाशी आलो आणि लाटणं थांबलं.

केवढा आनंद झाला! आईवर गेली पोरगी. वाक्य खोडून नवं लिहिलं: यंत्राला बारीक खिडकी आहे, कण दिसत नाही, पण आत येऊन आपटला की कळतो. मोठ्याने वाचलं. लाटणं गप्पच.

"अगं, आता तरी कळलं का?"

"काय, बाबा?" शकू मागच्या दारातून हात पुसत आली. "मी कपडे वाळत घालत होते. पोळ्या केव्हाच झाल्या. दोघांच्या त्या कितीशा?"

नवं वाक्य ठेवलंय. हिला कळलं असतं. म्हणजे, मला तसं वाटतं.