फोनवरचा साहेब

तासगाव, मार्च १९९८

प्रिय कुणाल,

पत्र बघून घाबरू नगंस, माणसं समदी धडधाकट हायत. आजारी हाय त्यो तुझा प्रोग्राम. दादासोंच्या बेदाण्याच्या पेढीत तू चार कॉम्प्युटरवर बसवलावतास त्योच. सकाळी कोण बसलंय ते इचारणारा, ज्याचं काम त्यालाच दावणारा, सांजला समद्याची नक्कल फ्लॉपीवर घेणारा. तू न सांगता पुण्याला गेलास, तरी इतकी वर्सं गप चालला. औंदा हंगामाच्या तोंडावर रुसलाय. मधीच थांबतोय, की चारी मशिनी एकदम गार. शेडवरनं माल येऊन पडलाय, आन् मशिनीवर बसणारी स्वप्ना नुसती काळ्या पडद्याकडं बघत बसतीया.

दादासोंनी मला धाडलं, दुरुस्त करणारा घिऊनच ये म्हणून. सांगलीच्या दुकानदारानं हात झटकले, म्हणला आमी नुसत्या मशिनी इकल्या, आतलं आमाला इचारू नगंस. साताऱ्यासनं एकजण आला, च्या प्याला, पडद्याला हात जोडले आन् म्हणला जुनं टाका, नवं घ्या. नवं घेतलं की त्येंची माणसं त्येंच्यासंगट येणार, म्हंजी स्वप्ना घरी. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच, तुला ठावं हाय.

मग माझ्या डोस्क्यात किडा वळवळला. दादासोंना सांगितलं, पुण्यात एक साहेब गावलाय, पर लय मोठा माणूस, येत न्हाई, सोताच फोन करतो. आन् बँकेत जातो म्हणून भाईर पडायचो, समोरच्या एसटीडी बूथमधनं नाक दाबून पुणेरी बोलायचो. तुझ्या शेजारी बसून जे कानावर पडलंवतं तेच स्वप्नाला सांगायचो. बंद करा, वायर काढा, फुंकर मारा, पुन्यांदा लावा. आन् गड्या, दोनदा चालू झालं की रं. खुश हून दादासोंनी साहेबाला बेदाण्याची पेटी धाडली, ती पोचवायला माझ्याकडंच दिली. लय ग्वाड व्हती.

आता मातर जीव थाऱ्यावर न्हाई. परवापासनं प्रोग्राम पडद्यावर गुपित शब्द मागतोय, आन् त्यो तुझ्याबिगर कुणाला म्हाईत न्हाई. फोनवर मीच बोलून बसलोय, साहेब शुक्रवारपतूर सोता येतोय. न्हाई आला तर मशिनी भंगारात. कुठं बूड टेकत न्हाई. येष्टी आली की उगंच स्टँडवर जाऊन उतरणारी माणसं बघतो, जसं काय साहेब खरंच येणार हाय.

पर नुसतं येवढ्यापायी लिवलं नसतं. काल त्याच फोनवर साहेब हून दादासोंना मस्करीत इचारलं, हा प्रोग्राम केला कुणी. दादासोंनी स्वप्नाला कायतरी काम सांगून भाईर घालवलेलं फोनात ऐकू आलं, मग हळू म्हणले, "आमच्या हितल्याच पोरानं केला, साहेब. मशिनींच्या उद्घाटनाला हार मी दुकानदाराच्या गळ्यात घातला, आन् ह्याला खुर्च्या उचलायला लावल्या. पोरगं तवापासनं आलं न्हाई. चूक माझीच. पर त्येच्याम्होरं बोलायला मला तोंड न्हाई." मी दाबलेलं नाक सोडलं, फोन ठिवून दिला. मी ऐकलंय हे त्येंना सांगता येत न्हाई, सांगितलं तर माझंच बिंग फुटतंय. म्हणून तुला सांगतोय. आलास तर साहेब हून येऊ नगंस, कुणाल म्हणूनच ये. त्येंनी तोंडावर काय म्हणलं न्हाई तर राग धरू नगंस. त्येंनी म्हणलंय रं, मी ऐकलंय.

तुझाच, स्टँडवर घुटमळणारा
गुंडा